दोरीवाली पँट

मी शिंपी, आणि माझी पोरगी कपड्यांना भ्यायची.

म्हणजे सगळ्याच कपड्यांना नाही. धोतर, लुगडं, बंडी, टोपी याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण माणूस एरवीपेक्षा वेगळ्या कपड्यात दिसला की चंदानं सूर लावलाच! खाकी कोटातला पोस्टमन, लाल झग्यातले बँडवाले, पांढऱ्या टोपीची नर्सबाई, दंडारीच्या नाटकातला राक्षस, शेपटीवाला बहुरूपी, सगळे तिच्या लेखी एकाच माळेचे मणी. पोस्टमन गल्लीत शिरला की ती धान्याच्या कोठीमागं जाऊन बसायची, आणि तो पार पुढच्या गावाला पोचला तरी बाहेर यायची नाही. आम्हाला पत्रं येत नसत म्हणून बरं. (एक आलं होतं, तेही शेजाऱ्याचं निघालं.)

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट आहे. मारेगावच्या बाजारओळीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी, एक तडा गेलेला आरसा आणि मागं एक पडदा. पडद्याच्या पलीकडं आमचं घर. मला मुळातच एका जागी बसवत नाही, आणि देवानं धंदा दिला तो दिवसभर बसायचा! त्यामुळं जीव घाबरा झाला की आजही माझा उजवा पाय आपोआप पायडल मारायला लागतो. समोर मशीन असो, नसो. लग्नात, मयतीत, देवळात, कुठंही. एकदा तर सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत बसून मी इतकं पायडल मारलं की शेजारच्याच्या पानातली कढी सांडली.

चंदाचं भेव काढायला आम्ही काय केलं नाही? मीठमिरच्या ओवाळून झाल्या. गळ्यात ताईत बांधून झाला. मग मी माझी अक्कल चालवली. पोस्टमनचा कोट बटन लावायला आला होता, तो हळूच अंगात घालून मी तिच्यापुढं उभा राहिलो आणि म्हटलं, "पाह्य चंदे, कोट पोस्टमनचा, पन आत कोन हाये? तुहा बाबा!"

तिनं माझ्या पोटरीला कडकडून चावा घेतला आणि कोठीमागं गेली.

"आता काय म्हनावं तुमाले!" बायको कपाळावर हात मारून म्हणाली. "लावलं कोनी तिले हे भेव? तुमीच ना?"

आता आलंच आहे तर सांगून टाकतो. चंदा दोन वर्षांची असताना दंडारवाल्यांनी राक्षसाचा झगा शिवायला टाकला होता. काळा झगा, त्याला लाल झालर, डोक्याला शिंगं. काम असं फक्कड झालं की मला राहवेना. अंगात घालून बघितला. आरसा तडकलेला, त्यात नीट दिसेना. म्हणून म्हटलं, पाळण्यातल्या पोरीला दाखवू, तिला तरी आवडतो का बघू! बास. तेवढंच केलं मी. पण तेव्हापासून बायकोनं त्या गोष्टीची एवढी उजळणी केली की मला वाटतं, राक्षसालाही लाज वाटली असती.

आता लहान लेकरं भितातच, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तसंच म्हणायचो. पण सहावं लागलं, चंदाचं शाळेत नाव घातलं, आणि पहिल्याच दिवशी फाटकावर शाळेचा चपराशी उभा! डोक्याला फेटा, छातीवर आडवा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. चंदा आल्या पावली घरी आली. जून गेला, दिवाळी गेली, पोरगी काही त्या फाटकाच्या आत जाईना.

बायको माझ्यावर रोज चिडायची, पण एका संध्याकाळी ती चिडली नाही. चुलीपुढं बसून नुसतं म्हणाली, "मले कुठीबी अंगठा लावा लागते. तवा त्या मानसाकडं पाह्यनं होत नाही माह्यानं. माह्या पोरीनं सही केली पाह्यजे, बस." मग तिनं भाकर परतली. मी खाली मान घालून भाकर मोडत बसलो, कारण मी स्वतः चौथीनंतर शाळेला रामराम ठोकलेला माणूस.

म्हणून जानेवारीत हेडमास्तर दुकानात आले तेव्हा मी उठूनच उभा राहिलो.

हेडमास्तर म्हणाले, "नारायणराव, सव्वीस जानेवारीला ठाणेदारसाहेबांच्या हस्ते झेंडावंदन आहे. साहेबांना हार घालायला एक लहान मुलगी हवी. तुमच्या चंदाला आणा. एकदा सगळ्या शाळेसमोर गणवेशातल्या माणसाला हार घातला की भीती मोडेल, दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसेल. नाहीतर हे वर्ष गेलंच समजा. नाव कमी करावं लागेल मला."

"हौ गुरुजी! घालते ना! चंदा म्हनजे काय!" मी म्हणालो.

(माझा हा एक जुना रोग आहे. कैची आणि तोंड, दोन्ही विचार करायच्या आधी चालतात.)

हेडमास्तर गेले आणि माझा पाय पायडल मारायला लागला. ठाणेदार! सहा फूट माणूस, लिंबू उभं राहील अशी मिशी, आणि आवाज असा की ते ठाण्यात खाकरले तर बाजारात भाजीवाले माप नीट करायचे. त्यांच्या गळ्यात माझी चंदा हार घालणार? जी चपराशाला बघून पळाली?

पण देवाला काळजी. त्याच आठवड्यात गावात बहुरूपी आला.

कापसाची वेचणी उरकत आली की नेरकडचा हा गणपत बहुरूपी दरसाल यायचा. आठ दिवस मुक्काम, रोज नवीन सोंग, आणि शेवटच्या दिवशी साध्या कपड्यात येऊन घरोघर बिदागी मागायची, अशी त्याची रीत. आला तो थेट माझ्या दुकानात, बगलेत खाकी पँट दाबून.

"नारायणभाऊ, जमादाराच्या सोंगाची पँट पार गेली. दोन टाके मारून द्या."

मी पँट उलगडली. माझ्या उभ्या जन्मात अशी पँट पाहिली नव्हती! पुढून साधीसुधी, पण मागं कंबरपट्टा मधोमध कापलेला. दोन्ही तुकड्यांना काजं पाडून त्यातून दोरी ओवलेली, आणि दोरीचं टोक आतून फिरवून उजव्या खिशाजवळ बाहेर काढलेलं.

"हे काय बे?"

"गंमत हाये!" गणपत म्हणाला. "जमादार बनून बाजारात जातो. ह्याले दम दे, त्याले दम दे, चाल ठान्यात! लोकं टरकले का हळूच दोरी वढतो. सरकफास हाये. सुटली का पँट खाली! मंग लोकं अशे हासते का इचारू नका."

तेवढ्यात पडद्यामागून बारीक आवाज आला, "मंग त्यायले लाज नाही वाटत?"

मी गार! अनोळखी माणूस दुकानात असताना चंदा बोलली होती! गणपत हुशार. त्यानं पडद्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाला, "पोट्टी भेते का?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी काढतो भेव. बदल्यात मले नवी पँट शिवून द्या, दोरीवाली. सव्वीस जानेवारीच्या गर्दीत मले जमादार करा लागते."

मी लगेच हो म्हटलं. (कैची आणि तोंड!)

पुढचे चार दिवस गणपत दुपारी दुकानात यायचा आणि चंदाच्या समोर जमादार व्हायचा. आधी नुसता धोतरबंडीतला गणपत. मग पँट. मग पोटावर उशी. मग शर्ट, पट्टा, आणि शेवटी डिंकानं चिकटवलेली बकरीच्या केसांची मिशी. पहिल्या दिवशी चंदा पडद्याच्या फटीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर आली. तिसऱ्या दिवशी गणपत डोळे वटारून ओरडला, "चाल ठान्यात!" आणि चंदाचा खालचा ओठ थरथरला. आता पळते, असं मला वाटलं. पण गणपत वाकून हळूच म्हणाला, "भेव वाटलं का दोरी आठवाची. केवढाबी मोठा जमादार असो बाई, त्याचीबी पँट एका दोरीनंच धरून ठेवली असते. वढ पाहू!"

चंदानं दोरी ओढली. पँट खाली!

पोरगी अशी हसली, अशी हसली की बायको हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. मग काय! "अजून एकदा, काका!" दर खेपेला गणपत पँट चढवतोय, मी गाठ मारतोय, चंदा ओढतेय. एका दुपारी बावीस वेळा पँट उतरली. गिऱ्हाईक येऊन दारातूनच परत जायला लागले, कारण आत कोणीतरी कायम अर्ध्या पँटीत उभं! चौथ्या दिवशी ती जुनी पँट फाटून तिच्या चिंध्या झाल्या. पण संध्याकाळी पोस्टमन गेला, आणि चंदा दारात उभी राहून त्याच्या खिशाजवळ निरखून बघत होती.

"ह्यायची दोरी कुठी असंन, बाबा?" तिनं विचारलं.

बायकोनं डोळे पुसले. मला म्हणाली, "पाह्यलं? जमलं त्या मानसाले." मला जरा लागलं, पण खरं होतं.

आता इथून पुढं जे झालं त्याला मी जबाबदार नाही, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होतो. आता वय झालं, खरं सांगतो.

ठाणेदारसाहेबांची पँटही माझ्याकडंच आली होती. दिवाळीच्या फराळानं जुनी कंबरेला बसेना, म्हणून झेंडावंदनासाठी नवी. साहेबांचं माप घेतलेलं होतं. गणपतचं माप घ्यायला तो कुठं सापडेना, एव्हाना वाघ बनून हिंडत होता. मी म्हटलं, नाहीतरी हा पोटावर उशी बांधतोच, म्हणजे ठाणेदाराएवढाच होतो! खाकीचं कापड दुपदरी पसरलं, साहेबांच्या मापानं खडूनं एकदाच रेघ मारली, आणि एकाच कैचीत दोन पँटी कापल्या. सगळेच शिंपी करतात असं. कापड वाचतं, वेळ वाचतो. पुढं कधीकधी शिंपी वाचत नाही, एवढंच.

आणि शिवल्या तरी कशा! गणपतच्या पँटीची दोरी मी अशी आत दडवली, मागचा कापलेला पट्टा असा बेमालूम झाकला की माझा मलाच अभिमान वाटला. बायकोला म्हणालो, "खुद्द ठानेदारालेही वळखू येनार नाही!"

"तुमाले येईन का?" बायको म्हणाली. "एकीले लाल दोऱ्याचा टाका मारून ठेवा, खुणेले."

"मले का आंधळा समजते काय? माह्या हातची शिलाई हाये!"

सव्वीसची सकाळ उजाडली. मी कोळशाची इस्तरी घेऊन दोन्ही पँटी कडक केल्या आणि घडी करून फळीवर ठेवल्या, एकीवर एक. बायको आतून ओरडतेय, "चंदाच्या फराकीचं बटन राह्यलं!" चंदा ओरडतेय, "माही रिबीन कुठी हाये?" दारात ठाण्याचा शिपाई ओरडतोय, "टेलर, साहेब लुंगीवर बसले हायेत! पँट आन!" आणि त्याच्या मागं गणपत, "नारायणभाऊ, माही झाली का?" माझा पाय उभ्याउभ्या पायडल मारायला लागला. वरची कोणती, खालची कोणती? दोरीवाली मी आधी इस्तरी केली का नंतर? घडी उलगडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण बायको पडद्यातून माझ्याकडं बघत होती, लाल दोऱ्याच्या नजरेनं!

मी छाती पुढं काढून वरची शिपायाला दिली, खालची गणपतला.

शाळेच्या पटांगणात अर्धं गाव लोटलं होतं. पोरांच्या रांगा, चुन्याच्या रेघा, मधोमध झेंड्याचा खांब. चंदा नव्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये, हातात झेंडूचा हार, हेडमास्तरांच्या शेजारी उभी. फाटकातून आत जाताना तिनं चपराशाकडं एकदा बघितलं, त्याच्या पट्ट्याकडं बघितलं, आणि ताठ मानेनं आत गेली. माझ्या छातीत असं भरून आलं की शेजारच्या माणसाला मी उगाचच नमस्कार केला.

इतक्यात मागून कोणीतरी बाही ओढली. गणपत! पूर्ण जमादाराच्या सोंगात, पण तोंड उतरलेलं.

"नारायणभाऊ, दोरी कुठी हाये?"

"खिशाजौळ."

"नाही ना! फाटकाबाहेर शंभर लोकं जमवले, दम देऊन देऊन घसा बसला. दोरी वढाले गेलो तर दोरीच नाही! पँट उतरूनच नाही राह्यली! लोकं म्हनते, हा खराच जमादार दिसते. दोघंतिघं तर पळून गेले, त्यायनं काय केलं होतं देव जाने!"

मी त्याची पँट मागून चाचपली. कंबरपट्टा अखंड. माझ्याच हातची मजबूत, दुहेरी शिलाई.

म्हणजे दुसरी...

मी खांबाकडं बघितलं. ठाणेदारसाहेब छाती काढून उभे होते. कंबरेखालपर्यंत बुशशर्ट, त्यावर कातडी पट्टा, मिशीला पीळ. आणि शर्टाच्या खाली, उजव्या खिशाजवळ, वितभर खाकी दोरी वाऱ्यावर हलत होती. (साहेबांनी ती सकाळीच बघितली होती, हे मला मागाहून कळलं. पण त्यांना वाटलं नवी फॅशन आहे, आणि शिपायासमोर विचारायची कशी?)

"आगाई गा!" मी म्हणालो, आणि माझा पाय सुरू झाला.

"आता कायले पायडल मारून राह्यले?" गणपत कुजबुजला. "जाऊन सांगा ना साहेबाले!"

"काय सांगू? साहेब, तुमची पँट बहुरूप्याची हाये?"

तेवढ्यात हेडमास्तरांनी खूण केली, आणि चंदा हार घेऊन निघाली.

आता तुम्हीच सांगा मी काय करायला हवं होतं! ओरडलो असतो तर पोरगी दचकून पळाली असती, आणि मग या जन्मात त्या फाटकातून आत आली नसती. न ओरडावं, तर तिला चार दिवस आम्हीच शिकवलं होतं, भेव वाटलं का दोरी! आणि ठाणेदारासमोर भेव कोणाला वाटत नाही? मी गर्दीतून वाट काढत पुढं सरकायला लागलो. लोकांच्या कोपरांत, बगलांत, एकाच्या तर डोक्यावरची टोपीच माझ्या हातात आली. ती घेऊनच पुढं गेलो.

चंदा साहेबांसमोर पोचली. साहेबांनी खाली बघितलं. त्यांना हसायची सवय नव्हती, म्हणून हसले तेही दम दिल्यासारखं. "ये! घाल!" अख्ख्या पटांगणात आवाज घुमला.

चंदाचा खालचा ओठ थरथरला. तिची नजर मिशीवरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून खाली आली आणि दोरीवर थांबली. तिनं हात पुढं केला. दोरीचं टोक चिमटीत धरलं.

आणि चंदानं ती दोरी नीट गुंडाळून साहेबांच्या खिशात घातली!

"साहेब, तुमची दोरी बाहेर आलती," ती म्हणाली, चांगलं मोठ्यानं. "सांभाळून ठेवा. कोनी वढंन!"

साहेबांना काही कळलं नाही, पण ते वाकले. चंदानं हार घातला, नमस्कार केला आणि शांतपणे जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली. टाळ्या! बायकांच्या घोळक्यातून बायको पदर तोंडाला लावून बघत होती. माझी पोरगी जिंकली होती. तिथंच मी थांबायला हवं होतं. जगात कुठलाही शहाणा बाप तिथंच थांबला असता.

पण मी शिंपी. माझ्या मनात आलं, खिशातली दोरी काय, आता येईल बाहेर. माझ्या कॉलरला दोरा ओवलेली सुई कायमच टोचलेली असते. दोन टाके मागून घातले की चिंता मिटली! साहेब आणि सगळी पोरं झेंड्याकडं बघत होती. मी खांबामागून गुडघ्यांवर रांगत रांगत गेलो. हेडमास्तरांनी मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बहुतेक त्यांना वाटलं, मी साहेबांच्या पाया पडतोय.

साहेबांनी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर दोरी बाहेर. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही, आणि दोरीचं टोक डाव्या हातात घट्ट धरून उजव्या हातानं सुई काढली.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मी दोरी ओढली नाही. मी ती नुसती धरली होती. साहेबच झेंड्याची दोरी ओढायला एक पाऊल पुढं गेले.

झेंडा वर गेला. फुलं पडली. आणि पँटही पडली.

आत साहेबांची गादीपाटाची निळ्या पट्ट्यांची चड्डी होती. तीही मीच शिवलेली. (शिलाई उत्तम होती, हे मी आजही सांगतो.) अर्ध्या गावानं एकदम श्वास आत घेतला. तो हसू बनून बाहेर पडणार, तेवढ्यात हेडमास्तर, काय तो माणूस, जीव खाऊन ओरडले, "राष्ट्रगीत! सावधान!"

सगळं गाव सावधान! पोरं ताठ, बायका ताठ, गणपत बहुरूपी ताठ. साहेबांचा हात सलामीला कपाळावर गेलेला, पँट पायाशी. वाकता येईना, हलता येईना! मीही पटकन उभा राहिलो, टाचा जुळवल्या, नजर समोर. हातात दोरी तशीच. राष्ट्रगीत एवढं मोठं असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कोणी हसलं नाही. नुसते आवाज थरथरत होते, आणि सगळ्यांत पुढं, सगळ्यांत खणखणीत आवाज माझ्या चंदाचा.

राष्ट्रगीत संपलं. साहेबांनी पँट वर घेतली, एका हातानं धरली, आणि हळूहळू मागं वळले. त्यांना प्रथम दोरी दिसली. मग दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी.

"संध्याकाळी ठान्यात ये," ते म्हणाले. अगदी हळू आवाजात. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं!

दुपारभर मी जेवलो नाही. गणपत साहेबांची पँट परत करायला आला आणि स्वतःची मागायला लागला. मी म्हटलं, बाबा, ती आता पुरावा आहे. बायकोनं नुसतं लाल दोऱ्याचं रीळ आणून फळीवर ठेवलं. संध्याकाळी मी इस्तरी केलेली पँट कागदात गुंडाळून निघालो. मागून चंदा पळत आली. "बाबा, मी येतो तुमच्यासंगं." मी नको म्हटलं, पण तिनं माझं बोट धरलंच. आणि खरं सांगू? मी ते सोडवलं नाही.

ठाण्याच्या दारात बंदूकवाला शिपाई उभा होता. खाकी कपडे, बूट, लाल-निळी टोपी. चंदा त्याच्यासमोरून अशी गेली जशी मामाच्या घरी चाललीय. त्याला विचारलंही, "साहेब हायेत का घरी? आमी पँट आनली." उद्यापासून शाळेत जाणार, हे पण तिनं त्याला सांगून टाकलं.

आणि मी? मी पायरीवर खिळलेला. उजवा पाय असा पायडल मारतोय की पायरीवरची धूळ उडतेय. आतून साहेब खाकरले. मी कागदाचं पुडकं छातीशी धरून शिपायाच्या मागं लपलो.

चंदानं वळून बघितलं. परत आली. माझा हात धरला आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "असं भेऊ नाही, बाबा. भेव वाटलं का दोरी आठवाची."

"अवं माय," मी म्हणालो, "सकाळपासून तेच तर आठवून राह्यलो ना!"